‘राजीनामा टाका अन् मोबाईल बंद करा’ : त्या मेसेजला एका जुन्या पर्सोनेलवाल्याचं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. आधी कॉलनीच्या, मग कॉलेजच्या बॅचच्या आणि शेवटी भाऊबंदांच्या ग्रुपवर, जिथे एरवी लग्नपत्रिका आणि केळीचा भाव सोडून काही येत नाही. मथळा असा : ‘नोटीस पिरियडला घाबरू नका, कंपनी तुमचं काहीही वाकडं करू शकत नाही.’ खाली सहा मुद्दे. नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर कामावर राहायचे दिवस, ही वेठबिगारी, ती घटनेनेच बंद केली आहे. महिन्याचा पगार भरला की कंपनीला सोडावंच लागतं. शिल्लक रजा नोटिशीतून आपोआप वजा होते. पीएफ-ग्रॅच्युइटीला कंपनी हात लावू शकत नाही. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे जुन्या कंपनीचं मोकळं केल्याचं पत्र, आता कोणी मागत नाही. आणि शेवटचा : ‘आधी विचारलं की अडकलात. राजीनाम्याचा मेल टाका अन् मोबाईल बंद करा.’

त्याच रात्री भाच्याचा फोन आला. पोरगा पारोळ्याचा, नोकरी हिंजवडीत. नोटीस ९० दिवसांची आणि नवी कंपनी म्हणते ४५ दिवसांत या. मेसेज त्यालाही पोचला होता. “मामा, कंपनी काय करी लेई?”

मी जळगावच्या एमआयडीसीत २२ वर्षं पर्सोनेलला काढली. पुढे त्याला एचआर म्हणायला लागले, टेबल तेच राहिलं. सोडून जाणाऱ्यांच्या फायली त्याच टेबलावरून जायच्या. त्यामुळे या मेसेजमधलं खरं किती आणि पोराला गोत्यात आणणारं किती, हे सांगायचा थोडा हक्क मला आहे.

पहिला मुद्दा वेठबिगारीचा. घटनेचं कलम २३ बळजबरीच्या मजुरीविरुद्ध आहे, हे बरोबर. कोणतंही कोर्ट तुम्हाला ओढून आणून त्याच खुर्चीत बसवणार नाही, हेही बरोबर. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टनुसार असा व्यक्तिगत चाकरीचा करार सक्तीने पाळायला लावता येत नाही. पण मेसेज लिहिणारा इथेच थांबला. चाकरीची सक्ती नाही म्हणजे पैशाची जबाबदारी नाही, असं होत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं, की करार मोडला तर समोरच्याला वाजवी भरपाई मागता येते, मात्र करारात लिहिलेल्या रकमेच्या आत. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तर तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दल २ लाख रुपयांची बाँडची अट वैध धरली. कोर्टाला त्यात व्यवसायबंदी दिसली नाही आणि लोकहिताला बाधाही दिसली नाही. ती सरकारी बँक होती, भरतीची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते हे कोर्टाने लक्षात घेतलं. खाजगी कंपनीच्या प्रत्येक बाँडला तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण सही केलेल्या कागदाला ‘वेठबिगारी’ म्हटलं की तो फाटतो, ही समजूत सोडलेली बरी.

दुसरा मुद्दा पैसे भरून सुटण्याचा. एचआरवाले त्याला बायआउट म्हणतात. तो तुमचा हक्क आहे की कंपनीची मर्जी, हे नेमणूकपत्रातल्या एका ओळीवर ठरतं. ‘नोटीस किंवा त्याऐवजी पगार’ एवढंच असेल तर तुमची बाजू बळकट. ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ असं असेल तर पैसे घेऊन उभं राहिलात तरी कंपनी नाही म्हणू शकते. बहुतेक पत्रांत दुसरीच ओळ असते. ती लिहिणाऱ्यांत मीही होतो.

आणि पगार म्हणजे कोणता? समजा ग्रॉस, म्हणजे भत्त्यांसकट पगार, ४०,००० आणि बेसिक, म्हणजे मूळ पगार, २०,०००. ४५ दिवस कमी पडतात. बेसिकवर धरलं तर ३०,०००, ग्रॉसवर धरलं तर ६०,०००. बोलणी सुरू करण्याआधी ही एक ओळ वाचली नाही म्हणून ३०,००० घालवणारे मी पाहिलेत. वर कोणी जीएसटी लावून मागितला तर देऊ नका. अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे केंद्राने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

आपल्याकडे घरटी एक तरी शिक्षक असतो, म्हणून शाळांचंही सांगतो. खाजगी शाळांना १९७७ चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आणि त्याची १९८१ ची नियमावली लागू आहे. नियम ४० प्रमाणे कायम शिक्षकाने तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्याने एका महिन्याची. संस्था आधी सोडू ‘शकते’, आणि तेव्हा भरायचा तो भत्ते सोडून पगार, तोही जेवढे दिवस कमी पडले तेवढ्यांचाच. चोपड्याच्या एका शिक्षिकेकडून संस्थेने पूर्ण तीन महिन्यांचे पैसे मागितले होते. नोटिशीतले दोन महिने तिने काम केलं होतं. हा नियम दाखवल्यावर आकडा एका महिन्यावर आला. राजीनामाही दोन प्रतींत, सही आणि तारीख घालून, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला, असा कायद्यात लिहिला आहे. व्हॉट्सॲपवर ‘मी राजीनामा देत आहे सर’ टाकून भागत नाही.

रजेबद्दल दोनच वाक्यं. आपोआप काहीही वजा होत नाही, ते मंजूर करून घ्यावं लागतं आणि पुष्कळ कंपन्या नोटीसकाळात रजा देतच नाहीत. पण मागण्यासारखी वस्तू आहे, कारण त्यात कंपनीच्या खिशातून रोख जात नाही.

चौथा मुद्दा बराचसा खरा आहे, आणि खरं ते खरं म्हणावं. पीएफ तुमचा, नोटिशीपोटी तो अडवता येत नाही. कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पीएफच्या पोर्टलवर ती भरू शकता. ग्रॅच्युइटी जप्त करण्याची कारणंही कायद्याने मोजकी ठेवली आहेत, त्यात ‘नोटीस भरली नाही’ हे नाही. पण मेसेजवाल्याला एक सुचलं नाही. तुमची चार वर्षं दहा महिने झाली असतील तर लवकर सुटका मागताच कशाला? ९० दिवसांची नोटीस पुरी केली की ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं निर्विवाद भरतात. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून २६,००० असेल तर महिना २६ दिवसांचा धरून, वर्षाला १५ दिवसांच्या हिशेबाने ग्रॅच्युइटी ७५,००० होते. आधी निघालात तर पाच वर्षं भरली की नाही, यावर वाद घालत बसा.

रिलीव्हिंग लेटर कोणी मागत नाही म्हणे. शेजारच्या दुकानात नाही मागत. पुण्या-मुंबईची कंपनी आज जुन्या नोकरीची पडताळणी करणाऱ्या एजन्सीला काम देते, ती थेट आमच्यासारख्यांच्या टेबलावर मेल टाकते, आणि न सांगता गेलेल्या माणसापुढे आम्ही ‘अबस्काँडेड’, म्हणजे पळून गेला, एवढा एकच शब्द लिहितो. त्यात आकस नसतो, रजिस्टरात तेच असतं. हिशेबाचंही तसंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा देणाऱ्याचाही पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायची तरतूद आहे. चांगली तरतूद आहे. पण ते दोन दिवस मोजायचे कुठून? मोबाईल बंद करून गेलेल्याचा शेवटचा दिवस कोणता, यावरच भांडण सुरू होतं.

आता तो सहावा. ‘आधी विचारलं की अडकलात.’

माझ्या टेबलावरच्या दोन फायली सांगतो. एक मोल्डिंगचा सुपरवायझर. आला मे महिन्यात. मान्सूनपूर्व कापसाच्या लागवडीसाठी ठिबकला मागणी, प्लांट तिन्ही पाळ्यांत चालू, आणि याने वकिलाकडून लिहून आणलेलं पत्र ठेवलं : अमुक कलमानुसार मला १५ दिवसांत मोकळं करा. हात दाखवून अवलक्षण. साहेबांनी पत्र कंपनीच्या वकिलाकडे पाठवलं, आणि एकदा फाईल वकिलाकडे गेली की माझ्या हातात काही उरत नाही. त्याला ६० चे ६० दिवस भरावे लागले.

दुसरा स्टोअरकीपर. नोटीस तेवढीच. तो ऑगस्टात आला, मंदीच्या दिवसांत, हातात दोनशे पानी वही. कुठल्या रॅकला किती माल, कोणाच्या पावत्या अडकल्यात, ज्युनिअरला काय येतं आणि काय शिकवायचं राहिलंय, सगळं लिहिलेलं. म्हणाला, “साहेब, २५ तारखेला सोडा. तोवर हा पोरगा तयार होतो, पुढे महिनाभर फोन आला तर उचलेन.” तो २२ दिवसांत सुटला, एक रुपया न भरता. त्याने कुठलं कलम काढलं नव्हतं. साहेबांच्या मनात एकच भीती असते, उद्या सकाळी हे काम कोण करणार, आणि त्याचं उत्तर तो वहीत घेऊन आला होता.

ज्याचा त्याचा हंगाम असतो. जिनिंगच्या मुनीमाने दिवाळीनंतर मागू नये, अकाउंटवाल्याने मार्चात मागू नये, शिक्षकाने बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर मागू नये. ‘जमेल तितक्या लवकर’ असंही म्हणू नये, तारीख सांगावी. ‘जमेल तितक्या लवकर’ला साहेब ‘बघू’ म्हणतात, तारखेला हो किंवा नाही म्हणावं लागतं. नाही म्हणाले तर तुकडे पाडून मागावं : इतके दिवस काम, इतकी रजा, उरलेल्याचे पैसे. आधी समोर बसून बोलावं आणि त्याच दिवशी मेल. निघताना लॅपटॉप कुरिअरने पाठवू नये, हातोहात देऊन सही घ्यावी.

दुसऱ्या टोकालाही बोलणी होतात, हे पोरं विसरतात. नवी कंपनी ४५ दिवस म्हणते ती दगडावरची रेघ नसते. विचारलं तर आठ-पंधरा दिवस पुष्कळदा मिळतात. बायआउटचे पैसे ती देणार असेल तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यावं, आणि ते तुमच्या पगारात धरून त्यावर कर कापला जातो, हे गृहीत धरून आकडा मागावा.

सगळं लिहून घ्या असं मी वारंवार म्हणतो त्याला कारण आहे. मी स्वतः पहिली नोकरी सोडली ती साहेबांच्या तोंडी होकारावर. कारखान्याचं नाव नको. साहेब महिन्याभरात बदलून गेले, नव्या साहेबांना काही माहीत नव्हतं, आणि एका कागदासाठी मी सात महिने सायकलवर चकरा मारल्या.

भाच्याला हेच सांगितलं. त्याने यादी केली, साहेबाला भेटला, ५० दिवस मागितले. ६० वर जमलं, त्यातले ७ रजेचे. नव्या कंपनीने रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली. हे सगळं तोंडी ठरलं आणि पोरगा खूश होऊन मला सांगत होता. मी विचारलं, मेल आला का? म्हणाला, येईल ना मामा, साहेब चांगले आहेत.

मेल तिसऱ्या दिवशी आला. त्यात ६५ दिवस लिहिले होते. साहेब खरंच चांगले होते, चूक एचआरच्या पोरीची होती. पुन्हा एक फेरी झाली, तेव्हा कुठे ६० ची तारीख कागदावर आली.