एकवीस ठिकाणं, तीन दिवस आणि एक बंधारा

आई-बाबा बर्लिनला आमच्याकडे सहा आठवड्यांसाठी आले आणि पहिल्या दहा दिवसांतच आईने घरातले सगळे डबे घासून तिच्या पद्धतीने लावले, बाबांनी बाल्कनीतून दिसणाऱ्या ट्रामचं टाइमटेबल पाठ केलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की यांना कुठेतरी नेलं नाही तर पुढच्या आठवड्यात हे शेजाऱ्यांचे डबे घासायला जातील. प्राग ठरलं. बर्लिनहून थेट गाडी आहे, चार-साडेचार तास, त्याच शेंगेन व्हिसात जमतं, आणि मुख्य म्हणजे मैत्रिणींचे तिथले फोटो बघून बघून माझा जीव जळत होता. नवऱ्याच्या ऑफिसात नेमका त्याच वीकेंडला सॉफ्टवेअरचा रिलीज होता. लग्नाला सात वर्षं झाली, पण सासू-सासरे आणि रिलीज यांची गाठ इतकी अचूक पडते की मला आता त्याचं कौतुकच वाटतं.

मी एक्सेल केली. एकवीस ओळी. ठिकाण, वेळ, तिकीट, चालत किती मिनिटं, आणि शेवटचा कॉलम 'पाऊस आला तर'. बाबांना प्रिंट काढून दिली, कारण मोबाईलवरच्या कागदाला ते कागद मानत नाहीत. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, सांगलीला. चष्मा लावून त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, खाली सही ठोकली, तारीख घातली आणि विचारलं, "यात नदी कुठाय?"

"पूल आहे की बाबा, चार नंबरला."

"पूल वेगळा आणि नदी वेगळी."

तिथेच मी सावध व्हायला पाहिजे होतं, पण मी तेव्हा भडंग कुठल्या बॅगेत ठेवायचं या वादात अडकले होते.

प्रागला उतरल्या उतरल्या पहिलं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे टॉयलेट. ते माझ्या यादीत नव्हतं. मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं की साठीच्या माणसांना घेऊन युरोपातलं शहर बघायचं असेल तर आधी टॉयलेटचा नकाशा करायचा आणि मग त्यांच्या मध्ये मध्ये चर्च, म्युझियम वगैरे बसवायचं. आत जायला फिरतं दार, दाराला नाणं पाहिजे, आणि चेक लोकांनी युरो घेतलेला नाही, त्यांचा कोरुना चालतो, त्यामुळे माझ्या पर्समधली ती सगळी चिल्लर निव्वळ ओझं. कॉफी घेतली, नोट मोडली, वीसची नाणी आणली, तोवर आईचा चेहरा बघवत नव्हता. बाहेर आल्यावर तिने हिशोब केला. "वीस म्हणजे आपले सत्तर-ऐंशी रुपये? एकदाचे?" आणि तिथून पुढे तिने पाणी प्यायचं बंद केलं. बाबांनी उलटा मार्ग धरला. पैसे भरलेच आहेत तर वसूल करायचे म्हणून गरज असो नसो जाऊन येऊ लागले, आणि दर वेळी बाहेर येऊन पावती मिळते का बघायचे. काही ठिकाणी खरंच छोटी चिठ्ठी मिळते. ती नीट घडी घालून खिशात.

मग तिकिटांचं महाभारत. तिथे कागदी तिकीट घेतलं की ट्राममधल्या नाहीतर मेट्रोच्या दारातल्या पिवळ्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा. एकदाच. दुसऱ्यांदा शिक्का पडला की तिकीट बाद. मी हे दोघांना नीट समजावून सांगितलं होतं, निदान माझी तरी तशी समजूत आहे. आम्ही चोवीस तासांची तिकिटं काढली, एकेक शिक्का मारला आणि मी निर्धास्त झाले. आईने मात्र मनाशी ठरवलं होतं की परक्या देशात शंकेला जागा नको. त्यामुळे ट्राम बदलली की मी पुढे जागा शोधायला गेले रे गेले, की ही मागे शांतपणे पिवळ्या मशीनपाशी जाऊन अजून एक शिक्का, देवळात घंटा वाजवावी तसा. तिसऱ्या ट्राममध्ये साध्या कपड्यातला एक माणूस समोर येऊन उभा राहिला, तळहातातला बिल्ला दाखवला आणि तिकिटं मागितली. माझं बघितलं, बाबांचं बघितलं, आईचं हातात घेतलं आणि बराच वेळ परत देईना. त्यावर शिक्क्यावर शिक्के, तारखेवर वेळ आणि वेळेवर तारीख. आई मला हळूच म्हणाली, "बघ, माझंच सगळ्यात नीट वाचतोय."

दंड भरला. मी बरंच काही बोलून बघितलं, पण नियम तो नियम, आणि चूक आमचीच. बाबा एवढंच म्हणाले, "रिसीट." त्याने दिली. बाबांच्या नजरेत त्या माणसाबद्दल जो आदर दिसला तो मला माझ्या बारावीच्या निकालालाही दिसला नव्हता.

ओळ नंबर दोन, ते जगप्रसिद्ध घड्याळ. जुन्या चौकात टाऊन हॉलच्या भिंतीवर आहे, १४१० सालचं, चंद्र-सूर्य, राशी, सगळं दाखवतं, आणि दर तासाला वर दोन खिडक्या उघडून येशूचे बारा शिष्य फिरून जातात. आम्ही वीस मिनिटं आधीच जाऊन उभे राहिलो. गर्दी अशी की पंढरीच्या बारीत उभं असल्यासारखं, फक्त इथे सगळ्यांचे हात वर आणि हातात मोबाईल. मी दोघांच्या बॅगा पोटाशी धरलेल्या कारण पाकीटमारांची ही हक्काची जागा असं सगळीकडे वाचलेलं. तास झाला. सांगाड्याने दोरी ओढली, घंटा वाजली, खिडक्यांतून बाहुल्या सरकल्या, शेवटी कोंबडा कसनुसा आरवला, आणि लोक पांगायला लागले.

आई म्हणाली, "सुरू कधी होणारे?"

मग मी तिला ती दंतकथा सांगितली, की हे घड्याळ हानुश नावाच्या कारागिराने केलं आणि दुसऱ्या गावात असं घड्याळ करू नये म्हणून नगरातल्या मंडळींनी त्याचे डोळे काढले. खरं तर घड्याळ कादानच्या मिकुलाशने केलेलं, हे नंतर कागदपत्रांत सापडलं, पण दंतकथा काही जात नाही. बाबांनी एकच प्रश्न विचारला. "डोळे काढायच्या आधी फायनल बिल दिलं होतं का?"

तिथून परत येताना आईने चौकातलं ते धुराड्यासारखं गोड प्रकरण घेतलं, लाकडी दांड्याला कणीक गुंडाळून भाजतात आणि साखरेत घोळवतात. ट्रडेल्निक. दुकानांवर 'पारंपरिक' असं लिहिलेलं असतं आणि खुद्द प्रागचे लोक त्या पाटीवर हसतात. आईचं मत: लाटण्यावरची शंकरपाळी, आणि कच्ची.

दुसऱ्या दिवशी किल्ला. बावीस नंबरच्या ट्रामने वर गेलो. (आईचं तिकीट माझ्या पर्समध्ये, पर्सची चेन लावलेली.) किल्ला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तसला नाही, बुरुज-तटबंदी राहू दे बाजूला, आत अख्खं गाव वसलंय, राजवाडे, गल्ल्या, चर्च. मधोमध सेंट व्हिटसचं कॅथेड्रल. मी फोनवर वाचून दाखवलं, १३४४ ला सुरू केलं आणि १९२९ ला पुरं झालं. बाबा थांबले, मनात वजाबाकी केली. "पाचशे पंच्याऐंशी वर्षं? आणि आमच्या योजनेला लोक उगीच नावं ठेवतात." दोन पावलं पुढे जाऊन परत वळले. "एकोणतीस म्हणजे आपला आयर्विन झाला ते साल." हे बाबांचं खास आहे. जगातली कुठलीही गोष्ट ते शेवटी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी आणून उभी करतात.

किल्ल्यात त्यांना एकच गोष्ट मनापासून आवडली, ती खिडकी. १६१८ साली चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी राजाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या सेक्रेटरीला वरून सरळ खाली फेकून दिलं, तिघंही जगले, कुणी म्हणतं खाली उकिरडा होता, कुणी म्हणतं देवदूतांनी झेललं, आणि त्यावरून पुढे तीस वर्षं युरोपभर लढाई चालली. त्या सेक्रेटरीला नंतर राजाने सरदारकी दिली, किताबाचा अर्थच 'उंचावरून पडलेला'. बाबा खिडकीतून खाली वाकून बराच वेळ बघत होते. "म्हणजे फेकले तिघांना आणि प्रमोशन क्लार्कला." बहुतेक त्यांना ऑफिसातलं कुणीतरी आठवलं असावं.

दुपारी जेवायला बसलो. आई-बाबा शाकाहारी, आणि मेन्यूत सगळीकडे डुकराचा गुडघा. शेवटी तळलेलं चीज मिळालं, बटाट्यांबरोबर. आईने टेबलाखालून शेंगदाण्याची चटणी काढली, इकडेतिकडे बघत प्रत्येकाच्या ताटात चमचाभर टाकली, आणि खरं सांगते, तिथल्या त्या चीजला पहिल्यांदाच काहीतरी अर्थ आला.

मग मी केली ती चूक. ओळ नंबर चार, चार्ल्स ब्रिज, पंचवीस मिनिटं.

पुलाचं काम १३५७ ला सुरू झालं, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे, लोक एका संताच्या पुतळ्याखालची पितळी पाटी घासून घासून इच्छा मागतात. नेपोमुकचा जॉन, राजाने त्याला इथूनच नदीत टाकलं, १३९३ मध्ये. (या गावाला माणसं फेकायची फार हौस.) आईने पाटीला हात लावला, डोळे मिटले, जावयाच्या रिलीजसाठी काही मागितलं असणार. मी वळून बघते तर बाबा नाहीत.

जुन्या गावाच्या बाजूला, पूल जिथे सुरू होतो तिथे कठड्यावरून अर्धे खाली लोंबकळत होते. माझ्या पोटात गोळा आला. "बाबा!"

"अगं, इकडे ये. हे बघ."

खाली घाटाच्या भिंतीत दगडाचं एक डोकं बसवलेलं. दाढीवाला बाबा, टक्कल पडलेलं. मी फोनवर शोधलं. त्याचं नाव ब्राडाच, म्हणजे दाढीवाला, आणि शेकडो वर्षं प्रागचे लोक नदीचं पाणी यावर मोजायचे. पाणी दाढीला लागलं की काठावरच्यांनी सामान उचलायचं, टकलावर गेलं की जुन्या चौकात पाणी. मी हे वाचत असताना बाबांचा चेहरा जो फुलत गेला, तो घड्याळाला नाही, किल्ल्याला नाही, कॅथेड्रलला तर नाहीच.

"चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका," ते म्हणाले. आमच्याकडे लहान पोरालाही हे पाठ असतं, आयर्विनवर पाणी किती आलं यावर पावसाळ्यात सांगलीचं सगळं चालतं. "म्हणजे यांची दाढी म्हणजे आपले चाळीस."

झालं. एक्सेल तिथे संपली.

पुलाच्या वरच्या अंगाला नदीत तिरका बंधारा आहे, पाणी त्यावरून पांढरं होऊन घसरतं, पूर्वीच्या पाणचक्क्यांसाठी बांधलेला. खांबांच्या पुढे पाण्यात लाकडी ओंडक्यांचे तिकोनी सांगाडे उभे केलेत, हिवाळ्यात वाहून येणारा बर्फ पुलावर आदळू नये म्हणून. बाबांनी ते मोजले. मग आम्ही पलीकडे काम्पा बेटावर उतरलो, कारण तिथून बंधारा 'समोरून' दिसेल. तिथे आईला बाक मिळाला, भडंग बाहेर आलं, आणि बाबा काठाकाठाने दगड तपासत निघाले. २००२ च्या ऑगस्टात हे सगळं बेट पाण्याखाली होतं, मेट्रोच्या बोगद्यांतही पाणी शिरलं होतं. हे मी सांगितलं तेव्हा आई भडंग चघळायची थांबली आणि म्हणाली, "आपल्याकडे एकोणीस साली माळ्यावर चढलो होतो तसं." मग बराच वेळ ती त्या घरांच्या खालच्या खिडक्यांकडेच बघत होती.

थोड्या वेळाने बाबांची हाक. एवढ्या जोरात की दोन जपानी बायका दचकल्या. भिंतीत उभी खाच होती, बोटभर रुंद नाही, चांगली चार बोटं जाईल एवढी, कडेला लोखंड बसवलेलं.

"बर्गे! बर्गे घालायची खाच आहे ही! पूर आला की यात फळ्या सरकवत जायच्या, आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला घालतो तशा. अ‍ॅल्युमिनियमच्या असणार यांच्या." त्या खाचेत बोट घालून त्यांनी आत कचरा आहे का बघितलं. नव्हता. "मेंटेनन्स चांगला आहे," असं म्हणताना त्यांचा आवाज जरा पडला होता, का ते आमच्याकडचा कुठलाही बंधारा बघितलात तर कळेल.

मी म्हटलं, बाबा, काफ्का या लेखकाच्या डोक्याचं फिरतं शिल्प राहिलंय, बेचाळीस थरांचं, अकरा मीटर उंच, पेत्रझिनचा मनोरा राहिलाय, दोनशे नव्याण्णव पायऱ्या, ऊन उतरायच्या आत... बाबा म्हणाले, "तू जाऊन ये की." मी गेले नाही. पायांत गोळे आले होते, दगडी रस्त्यांवर दोन दिवस चालून टाचा माझ्या राहिल्या नव्हत्या. आईशेजारी बसून उरलेलं भडंग संपवलं. बाबा साडेसातपर्यंत तिथेच. मध्ये दोनदा वीसचं नाणं मागायला आले तेवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर त्यांचं अंथरूण रिकामं. फोन उचलेनात. आई शांत. "दाढीवाल्याला बघायला गेले असतील, पाणी वाढलंय का ते." तसंच होतं.

परतीच्या गाडीत मी डोळे मिटून पडले होते. बाबांनी घडी घातलेली ती प्रिंट माझ्या मांडीवर ठेवली. एकवीस ओळींपुढे त्यांच्या बारीक अक्षरात शेरे होते. घड्याळ: 'कालावधी अंदाजे ४५ सेकंद, गर्दी अवास्तव.' कॅथेड्रल: 'विलंबाची कारणे दिसून आली नाहीत.' ट्राम: 'दंड, पावती सोबत.' तेराव्या ओळीपासून शेवटपर्यंत एक कंस आणि 'वेळेअभावी पाहणी झाली नाही'. त्याखाली एकूण शौचालय खर्च, ३१० कोरुना, आणि पिनअप केलेल्या चिठ्ठ्या.

सगळ्यात खाली बाविसावी ओळ त्यांनी स्वतः आखलेली होती. 'नदी. बंधारा सुस्थितीत. बर्ग्यांच्या खाचा स्वच्छ. पाणी दाढीच्या बरेच खाली.' सही, तारीख.

आणि त्याच्या खाली, 'पुढील पाहणी पावसाळ्यात करावी.'