‘जागाच नव्हती’ हे उत्तर अर्धंच आहे

नमस्कार काका,

‘जुना ड्रायव्हर’ एवढंच नाव दिलंय तुम्ही, पण ऐंशीच्या दशकात खात्याची जीप चालवायचो असं लिहिलंय, म्हणून काका म्हणते. उत्तर लांबलंय, कारण तुमची प्रतिक्रियाही लांब आहे आणि तिच्यातले अर्धे मुद्दे मला पटलेत.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी साइड-बाय-साइड गाड्यांच्या देखभालीवरून तोंडसुख घेतलं होतं. साइड-बाय-साइड म्हणजे डोंगर-वाळवंटात हिंडवायची, पिंजऱ्यासारख्या सांगाड्याची, दोघं शेजारी शेजारी बसतात ती गाडी. इथे अमेरिकेत, ॲरिझोनात, जवळजवळ दर गल्लीत एक दिसते. काकांचं म्हणणं असं, की एवढ्याशा गाडीत इंजिन, चारही चाकांना ताकद आणि असलं सस्पेन्शन कोंबायचं म्हटल्यावर काही पार्ट अडचणीत जाणारच. इंजिनिअर मूर्ख नसतात. त्यांच्या वेळचा मिस्त्री जीपचं इंजिन झाडाला चेन-ब्लॉक टांगून उतरवायचा आणि कुरकुरायचा नाही. शिवाय हे हौसेचं खेळणं आहे. परवडत असेल तर डीलरकडे टाका, नसेल तर घेऊ नका.

जागेचं आधी घेते. 2007 साली पोलारिस या अमेरिकन कंपनीने आरझेडआर नावाची पहिली साइड-बाय-साइड आणली तेव्हा तिची रुंदी 50 इंच होती. अमेरिकन वनखात्याच्या कितीतरी वाटांवर 50 इंचांहून रुंद गाडीला मज्जाव असतो, त्यामुळे तो आकडा ओलांडून चालणारच नव्हतं. म्हणजे सव्वाचार फुटांच्याही आत दोन माणसं शेजारी बसवायची, त्यांच्या पाठीला लागून इंजिन. पुढे तिचीच मोठी बहीण एक्सपी 1000 आली ती 64 इंचांची, पण तिचं सस्पेन्शनही वाढलं. पुढचं चाक 16 इंच हलतं, मागचं 18. कॅन-ॲम या दुसऱ्या कंपनीच्या मॅव्हरिक एक्स3 गाडीच्या 72 इंची प्रकारात तर मागचं चाक 24 इंच वर-खाली जातं. दोन फूट! ज्या पट्ट्यात चाक दोन फूट नाचणार तिथे साधी पाण्याची बाटलीही ठेवता येत नाही. मग सगळी यंत्रणा मधल्या चिंचोळ्या भागात जाते. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मधले कुलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे, पाइप मजल्याखालून. कुलंट बदललं की त्या लांब पाइपात हवा अडकते आणि ती काढायला गाडीचं नाक उंच करून उभी करावी लागते. याबद्दल माझी तक्रार नाही. वर्षा-दोन वर्षांचं काम आहे, चढावर लावली की झालं.

तक्रार आहे ती वरचेवर उघडाव्या लागणाऱ्या गोष्टींबद्दल. त्यात पहिला नंबर बेल्टचा.

बहुतेक साइड-बाय-साइडना ॲक्टिव्हासारखाच बेल्ट असतो, फक्त इथे ताकदवान गाड्यांत शंभर हॉर्सपॉवरच्या वरचा जोर त्या रबरावरून चाकांपर्यंत जातो. तापला की तो जातो. तो जाणार हे कंपनीला माहीत असतं, डीलरला माहीत असतं, म्हणून जो तो सीटखाली एक जादा बेल्ट बाळगतो. माझ्या गाडीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. क्राउन किंग या डोंगरातल्या गावाकडे चढताना, दुपारच्या उन्हात, तिचा बेल्ट फाटला. बेल्टचं झाकण डाव्या मागच्या चाकाच्या आत. म्हणजे तिरक्या खडकाळ वाटेवर जॅक लावा, चाक काढा. मग झाकणाचे बोल्ट. खालचे सगळे सुरळीत निघतात. वरच्या कोपऱ्यातला एक मात्र सांगाड्याच्या नळीच्या मागे आहे, तिथे सरळ सॉकेट बसत नाही. छोटं रॅचेट तिरकं घालायचं, एक दात फिरवायचं, काढायचं, पुन्हा घालायचं. दिसत काही नाही, सगळं बोटांच्या अंदाजावर. माझा हात लहान आहे, तरी मनगट नळीवर घासतं. आणि शेजारी सायलेन्सर, नुकताच उकळून थांबलेला. एवढं करून झाकण निघालं की आत फाटलेल्या बेल्टच्या दोऱ्या मागच्या पुलीभोवती गुंडाळलेल्या. त्या एकेक ओढून काढाव्याच लागतात, कारण दोरी शाफ्टच्या सीलमध्ये शिरली की तेल गळायला लागतं आणि दोनशे डॉलरच्या कामाचं दोन हजारांचं होतं. नवा बेल्ट चढवायला त्या सगळ्या प्रकारातला सगळ्यात कमी वेळ लागतो.

आता तुम्ही म्हणाल, मग बेल्टचीच गाडी का घेतली? खरंय, बिनबेल्टच्याही आहेत. यामाहाच्या वायएक्सझेड 1000 आरला पाच गिअरची पेटी आहे, होंडाच्या टॅलनला दुहेरी क्लचची. पण बेल्ट हलका, स्वस्त, आणि चाक दगडात अडकून झटका बसला तर तो स्वतः घसरून पुढच्या महागड्या भागांना वाचवतो. बेल्ट असण्याला माझी हरकतच नाही. हरकत त्या कोपऱ्यातल्या बोल्टला आहे.

आणि तो बोल्ट तिथे का आहे? माझा अर्धा जन्म कारखान्यात गेलाय, म्हणून सांगते. जोडणीच्या वेळी सांगाडा उघडा असतो. इंजिन, पुल्या, झाकण हे सगळं आधी बसतं; चाकं, प्लास्टिकचे पत्रे नंतर. लाइनवरच्या कामगाराला तो बोल्ट समोर दिसतो, त्याची बोल्ट आवळायची बंदूक सरळ बसते, काही सेकंदांत काम होतं. तो बोल्ट पुन्हा काढण्याची वेळ त्याच्यावर कधी येत नाही. ती येते तुमच्यावर-माझ्यावर, जेव्हा बाकीचं सगळं त्याच्यावर चढलेलं असतं. तुमचे इंजिनिअर मूर्ख नाहीत, काका. त्यांना जे मोजायला सांगितलं ते त्यांनी उत्तम मोजलं: वजन, रुंदी, जोडणीचा वेळ. घरच्या गॅरेजात लागणारा वेळ कुणी मोजायला सांगितला नव्हता.

‘जागाच नव्हती’ हे म्हणूनच मला अर्धं उत्तर वाटतं. याच गाड्यांसाठी बाहेरचे छोटे कारखानदार पाव वळशात सुटणाऱ्या कळींची बेल्टची झाकणं विकतात. मधल्या लांब शाफ्टच्या बेअरिंगचं ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं भोक, जिथे ग्रीस गनचं तोंडच पोचत नाही, तिथून एक नळी काढून निपल बाहेर आणायचा संच विकतात. सांगाडा तोच, जागा तीच. दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपला जे जमतं ते मूळ कंपनीला जमलं नसतं असं नाही.

जीपच्या मिस्त्रीबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मजा वाटली, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. त्याला झाडाला चेन-ब्लॉक टांगून इंजिन उतरवता यायचं ते कशामुळे? बॉनेट उचललं की सगळं समोर, खाली वाकलं की जमीन दिसायची, आणि चार पान्यांत निम्मी गाडी सुटायची. त्याच मिस्त्रीला माझ्या गाडीपाशी आणून उभं करा. इंजिन उतरवणं सोडा, प्लग कुठे आहेत हे बघायलाच त्याला आधी सीटा आणि सीटांमागचा पडदा काढावा लागेल. तो कुरकुरेल की नाही माहीत नाही, पण शिव्या नक्की देईल.

डीलरचं म्हणाल तर, तो मजुरी तासावर लावतो आणि कुठल्या कामाला किती तास हे तक्त्यात ठरलेलं असतं. पार्ट जितका आत तितके तास जास्त. म्हणजे अडचणीची जागा फुकट नाही, तिचं बिल गाडी विकल्यावर हप्त्याहप्त्याने येतं. ‘बाहेर हात लावलात तर वॉरंटी जाईल’ ही भीतीही उगाच दाखवली जाते. 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे, दुसरीकडे सर्व्हिस केली किंवा दुसऱ्याचा फिल्टर घातला एवढ्याच कारणावरून इथे वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्यामुळेच झाला हे कंपनीला दाखवावं लागतं.

राहिलं ‘खेळणं’. हा एकच शब्द मला लागला, आणि त्याचं कारण माझी हौस नाही. एप्रिल 2016 मध्ये पोलारिसने सुमारे 1,33,000 आरझेडआर 900 आणि 1000 परत बोलावल्या. चालत्या गाड्या पेट घेत होत्या. 160 हून जास्त आगींची नोंद, 19 जण जखमी, आणि एका अपघातात गाडी उलटून पेटली तेव्हा आत बसलेली 15 वर्षांची व्यक्ती दगावली. 2018 मध्ये, अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला वेळेवर कळवलं नाही या आरोपावरून कंपनीने 2 कोटी 72 लाख 50 हजार डॉलर दंड भरायचं कबूल केलं. त्याच प्रकरणात पोलारिसच्याच काही रेंजर गाड्यांचाही विषय होता, ज्यांचा उष्णता अडवणारा पत्रा सैल होऊ शकत होता. या आगी झाकणं नीट उघडत नाहीत म्हणून लागल्या असं मी अजिबात म्हणत नाही. पण सायलेन्सरभोवती साठलेलं वाळकं गवत काढा, पत्रे घट्ट आहेत का बघा, पाइप कुठे घासत नाही ना तपासा, असं गाडीच्या पुस्तिकेतच सांगितलेलं असतं. आणि ते बघायला तासभर प्लास्टिक सोलावं लागत असेल, तर दहातले नऊ जण बघत नाहीत. रविवारी संध्याकाळी धुळीने माखून परतलेला माणूस गाडीवर पाइपने पाणी मारतो आणि ताडपत्री टाकून झोपतो. त्याला आळशी म्हणून मोकळं होता येतं, पण गाडी याच माणसाला विकलीय.

आता तुमच्या भाच्याचं. टेक्ससमध्ये जुनी साइड-बाय-साइड घेतोय, काय बघावं, असं तुम्ही शेवटी विचारलंय (खेळणं म्हणून हिणवल्यावर दोनच ओळींनी!). त्याला सांगा, रंग आणि टायर नंतर बघ. बरोबर टॉर्च, एक छोटा आरसा आणि ग्रीस पुसायचं फडकं ने. आरसा खाली घालून मधल्या शाफ्टचं निपल बघ: त्याच्यावर वाळलेल्या मातीचं कवच असेल तर तिथे ग्रीस गेलेलंच नाही. मागच्या चाकांना धरणाऱ्या दांड्यांचे बोल्ट हाताने हलवून बघ. रेडिएटरच्या जाळीतून उजेड आरपार दिसतो का ते बघ. आणि सौदा करायच्या आधी विकणाऱ्याला म्हण, बेल्टचं झाकण माझ्यासमोर उघडून दाखवा. वरच्या कोपऱ्यातला बोल्ट जागेवर नसेल तर घाबरू नकोस, तो बहुतेकांच्या गाडीत नसतोच. मात्र आत दोऱ्या दिसल्या तर किंमत पाड. आणि विकणारा ‘उघडायला वेळ नाही’ म्हणाला तर तिथूनच परत फीर.