इंग्लंडचा ‘खरा राजा’ ऑस्ट्रेलियात नव्हता

इंग्लंडचं सिंहासन पाचशे वर्षं चुकीच्या घराण्याकडे आहे आणि खरा राजा ऑस्ट्रेलियातल्या जेरिल्डरी नावाच्या लहानशा गावात राहून २०१२ साली वारला, ही गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे वाचली असेलच. २००४ साली ब्रिटिश टीव्हीवरच्या एका माहितीपटाने ती गाजवली. तेव्हापासून ‘दडपलेलं सत्य’ म्हणून ती हातोहात फिरते आहे. थोडक्यात ती अशी: राजा चौथा एडवर्ड औरस नव्हता. तो आईच्या पोटात राहिला तेव्हा बाप, म्हणजे यॉर्कचा ड्यूक रिचर्ड, मोहिमेवर होता. खरा बाप ब्लेबर्न नावाचा एक तिरंदाज. तेव्हा मुकुट एडवर्डच्या धाकट्या भावाकडे, क्लॅरेन्सचा ड्यूक जॉर्ज याच्याकडे, जायला हवा होता. त्या जॉर्जचे थेट वारस म्हणजे जेरिल्डरीचे मायकेल अॅब्नी-हेस्टिंग्ज. शेवटी पुस्ती असते की डीएनएनेही हे सिद्ध झालं आहे.

‘असं झालं असतं तर’ या धाटणीचा इतिहास मला मनापासून आवडतो. म्हणूनच ही गोष्ट खटकते. ती पुरावा म्हणून टिकत नाही, आणि नुसती कल्पना म्हणूनही उभी राहत नाही.

आधी तारखा बघू, कारण सगळा डोलारा त्यांच्यावर आहे. एडवर्डचा जन्म २८ एप्रिल १४४२ चा, नॉर्मंडीतल्या रुआनचा. इतिहासकार मायकेल जोन्स यांनी रुआनच्या कॅथेड्रलमधल्या नोंदींवरून दाखवलं की १४ जुलै ते २१ ऑगस्ट १४४१ या काळात रिचर्ड पाँत्वाझच्या मोहिमेवर होता. ते मान्य करू. जन्मतारखेपासून २६६ दिवस, म्हणजे गर्भधारणेपासूनचे सरासरी अडतीस आठवडे, मागे गेलं की ५ ऑगस्ट येतो. तो दिवस नेमका गैरहजेरीच्या मधोमध पडतो. लोक इथेच हिशेब थांबवतात. पण सरासरी म्हणजे नियम नव्हे. २१ ऑगस्टपासून २८ एप्रिलपर्यंत २५० दिवस भरतात. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीपासून, म्हणजे त्यात साधारण चौदा दिवस वाढवायचे. झाले सदतीस आठवडे आणि पाच दिवस. सदतीस आठवडे पूर्ण झालेल्या बाळाला कुठलीही सुईण किंवा डॉक्टर अपुऱ्या दिवसांचं म्हणणार नाही. रिचर्डला घरी पोहोचायला तीन दिवस लागले असं धरलं, तरी आकडा सदतीसच्या खाली उतरत नाही. शिवाय पाँत्वाझ रुआनपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. मधल्या पाच आठवड्यांत नवरा-बायकोची एकदाही भेट झाली नाही, असं ती नोंद सांगत नाही.

मग बाप्तिस्म्याचा मुद्दा येतो. एडवर्डचा बाप्तिस्मा रुआनच्या किल्ल्यातल्या खासगी चॅपलमध्ये साधेपणाने झाला आणि पुढच्या वर्षी जन्मलेल्या त्याच्या भावाचा, एडमंडचा, कॅथेड्रलमध्ये थाटामाटात, हे खरं आहे. पण त्या काळात बाळ नाजूक असलं तर बाप्तिस्मा लगोलग उरकून घेत. बाप्तिस्म्याआधी मूल दगावू नये ही भीती घराघरात होती. थोडं लवकर आलेलं बाळ आणि साधा बाप्तिस्मा या दोन गोष्टी एकमेकींशी छान जुळतात. आणि मुलाबद्दल संशय असलेला बाप काय करेल? रिचर्डने तर १४४५ च्या सुमाराला याच एडवर्डसाठी फ्रान्सच्या राजाच्या मुलीचं स्थळ मिळवायची खटपट चालवली होती. दुसऱ्याच्या मुलाला कुणी आपला थोरला म्हणून शत्रूच्या दरबारात सोयरिकीला नेत नाही.

आई सेसिलीने स्वतः कबुली दिली, हे तिसरं म्हणणं. ते येतं डोमेनिको मान्सिनी या इटालियन प्रवाशाकडून. १४६४ साली एडवर्डने एलिझाबेथ वुडव्हिलशी गुपचूप लग्न केलं तेव्हा सेसिली संतापाच्या भरात तसं बोलली, असं त्याने १४८३ मध्ये ऐकीव माहितीवर लिहिलं. मध्ये जवळजवळ वीस वर्षं गेलेली. शिवाय १४८३ मध्ये एडवर्डच्या धाकट्या भावाला, तिसऱ्या रिचर्डला, पुतण्यांना बाजूला सारून स्वतः राजा व्हायचं होतं, तेव्हा अशा कुजबुजीला लंडनमध्ये गिऱ्हाईक होतं. तरीही १४८४ च्या संसदेच्या कायद्याने एडवर्डची मुलं अनौरस ठरवली ती त्याच्या आधीच्या लग्नवचनाच्या कारणावरून. एडवर्डच्या स्वतःच्या जन्माचा आधार घेतला नाही. ज्याला त्या आरोपाची सर्वांत जास्त गरज होती, त्यालाच तो कायद्यात लिहिण्याइतका भक्कम वाटला नाही. आणि सेसिलीचं १४९५ चं मृत्युपत्र आहे. त्यात ती आपल्या नवऱ्याला एडवर्डचा बाप म्हणते. आयुष्याच्या शेवटी, देवाच्या नावाने लिहिलेला शब्द मला दरबारी कुजबुजीपेक्षा वजनदार वाटतो.

समजा, हे सगळं बाजूला ठेवलं आणि एडवर्ड खरंच तिरंदाजाचा मुलगा होता असं धरलं. तरी आजच्या राजघराण्याचं काही बिघडत नाही. तिसऱ्या रिचर्डनंतर गादीवर आलेल्या ट्यूडर घराण्यातल्या सातव्या हेन्रीने एडवर्डच्या मुलीशी लग्न केलं ते जानेवारी १४८६ मध्ये. त्याआधीच, १४८५ च्या संसदेने मुकुट हेन्री आणि त्याच्या पोटच्या वारसांकडे राहील असा कायदा केला होता, आणि तो कुठल्या रक्ताने राजा झाला याचं स्पष्टीकरण त्यात दिलेलंच नाही. जॉर्ज राजद्रोहाबद्दल १४७८ मध्ये मारला गेला, त्याच्या वारसांचे हक्क संसदेने काढून घेतले, म्हणून त्याची शाखा बाद, असंही काही जण म्हणतात. तो युक्तिवाद मी वापरत नाही. कारण हेन्री स्वतः राजद्रोही ठरवलेला होता, आणि मुकुट हाती आल्याबरोबर तो डाग धुतला गेला असं न्यायाधीशांनी ठरवलं. सत्ता आधी आली आणि कायदा मागून. पुढे १७०१ च्या कायद्याने तर वंशावळीत पुढे असलेल्या पन्नासहून जास्त कॅथलिकांना ओलांडून हॅनोव्हरची सोफिया आणि तिचे प्रोटेस्टंट वंशज निवडले. चार्ल्स राजा आहेत ते त्या कायद्यामुळे. पंधराव्या शतकातलं रक्त त्या कायद्याला कुणी विचारलेलं नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा यापुढचा. एडवर्डला वगळून जॉर्जला राजा करायचं, तर ते केव्हा? डिसेंबर १४६० मध्ये वेकफिल्डच्या लढाईत त्यांचा बाप, यॉर्कचा ड्यूक रिचर्ड, मारला गेला. तिथून तीन महिन्यांत अठरा वर्षांच्या एडवर्डने मॉर्टिमर्स क्रॉसची लढाई मारली आणि २९ मार्च १४६१ ला टाउटनची. त्या टाउटनमुळे यॉर्क घराण्याला मुकुट मिळाला. जॉर्ज तेव्हा अकरा वर्षांचा होता. एडवर्ड नसता तर प्रतिस्पर्धी लँकेस्टर घराण्याचा सहावा हेन्रीच राजा राहिला असता, आणि जॉर्जला वारशात मिळायला मुकुटच उरला नसता.

पुढची गोष्ट आणखी अवघड. जेरिल्डरीपर्यंतची साखळी जॉर्जच्या मुलीतून, मार्गारेटमधून जाते. तिचं लग्न सर रिचर्ड पोलशी लावलं गेलं. हा माणूस सातव्या हेन्रीच्या नात्यातला, त्याची आई हेन्रीच्या आईची सावत्र बहीण. यॉर्कच्या मुलीने धोका होऊ नये म्हणून तिला आपल्याच माणसाच्या घरी दिली. जॉर्जचं घर गादीवर असतं तर इंग्लंडच्या राजकन्येला असं मध्यम सरदाराच्या घरात कोण देतं? ते लग्न नाही, तर त्यांचा मुलगा हेन्री पोल नाही. त्याची मुलगी कॅथरीन नाही. तिचं हेस्टिंग्ज घराण्यातलं लग्न नाही. मायकेल अॅब्नी-हेस्टिंग्ज हे ट्यूडरांच्या विजयाचं फळ आहेत. ट्यूडर पुसून टाकले की तेही पुसले जातात.

डीएनएबद्दल थोडक्यात. लेस्टरला सापडलेल्या तिसऱ्या रिचर्डच्या हाडांवरचा अभ्यास डिसेंबर २०१४ मध्ये आला. बापाकडून मुलाकडे जाणारं त्याचं वाय गुणसूत्र, कागदोपत्री त्याच्याच मूळपुरुषाचं असलेल्या ब्यूफर्ट घराण्याच्या आजच्या पुरुष वंशजांशी जुळलं नाही, म्हणजे मधल्या पिढ्यांत कुठेतरी पितृत्वाची साखळी तुटली. कुठे, ते कळलेलं नाही. एडवर्डची हाडं विंडसरला सेंट जॉर्ज चॅपलमध्ये आहेत, आणि या अभ्यासात ती तपासलेलीच नाहीत.

आणि ‘अज्ञात कामगार’ म्हणून ज्यांचं चित्र रंगवलं जातं, ते मायकेल अॅब्नी-हेस्टिंग्ज लाउडनचे चौदावे अर्ल, म्हणजे ब्रिटिश सरदार होते. जन्म इंग्लंडमधला, तरुणपणी ऑस्ट्रेलियाला गेले, राजेशाही नको म्हणणाऱ्यांच्या बाजूचे. त्यांना कुणी दडपलं नव्हतं. त्यांच्या मुलाने, पंधराव्या अर्लने, मे २०२३ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत चार्ल्स यांच्या राज्याभिषेकात सोन्याचे स्पर (घोडेस्वाराच्या टाचेला लावायच्या आऱ्या) वाहून नेण्याचा वंशपरंपरागत मान घेतला.

मराठी वाचकाला या घराण्याची आठवण वेगळ्या कारणाने असायला हवी. दाव्यातली वंशावळ खरी मानली, तर १८०८ ते १८२६ या काळातला ‘खरा राजा’ म्हणजे फ्रान्सिस रॉडन-हेस्टिंग्ज. तोच आपल्या इतिहासातला गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज, ज्याच्या कारकिर्दीत १८१८ साली पेशवाई बुडाली.

कल्पनेचा इतिहास लिहायचा असेल तर त्याच काळात एक खरं वळण पडलेलं आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्याच दिवशी इंग्लंडमध्ये क्लेअरमाँटला राजकन्या शार्लट दीर्घ बाळंतवेणांनंतर मृत मुलाला जन्म देऊन, दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. तेव्हाचा राजा तिसरा जॉर्ज याला इतकी मुलं असून औरस नातवंड म्हणून ती एकटीच होती. तिच्यामागे राजपुत्रांची लग्नाची धावपळ झाली, आणि १८१९ मध्ये व्हिक्टोरिया जन्मली. शार्लट वाचली असती तर त्याच्या मुलाला, म्हणजे व्हिक्टोरियाचा बाप केंटचा ड्यूक याला, लग्नाची घाई नव्हती, व्हिक्टोरिया नसती, आणि १ नोव्हेंबर १८५८ चा जाहीरनामा दुसऱ्या कुणाच्या नावाने निघाला असता. यावर कुणी लिहिलं तर मी पहिल्या ओळीपासून वाचेन.