बर्गरची पारख

तक्रार त्यांनी केली, बर्गर माझा होता, बदली बर्गर त्यांना मिळाला आणि बिल माझ्यापुढे आले. गेल्या रविवारपासून हा हिशेब मी मनात उलटासुलटा मांडून पाहत आहे. पण कसाही मांडला तरी माझी जागा बिलापाशीच येते.

या भानगडीचे मूळ पुण्यात आहे. तिथे नोकरीला असलेला माझा पुतण्या दिवाळीला घरी आला आणि ‘बेळगावात कुंदा मिळतो, मांडे मिळतात, पण धड बर्गर मिळत नाही’ असे भर पंगतीत बोलून गेला. बेळगावला नावे ठेवण्याचा अधिकार बेळगावात राहून इथले रस्ते आणि इथला पाऊस सोसणाऱ्यांनाच आहे, अशी माझी ठाम समजूत असल्यामुळे मी ते बोलणे मनाला लावून घेतले. तेव्हापासून खडेबाजारात, काँग्रेस रोडवर, कॅम्पातल्या बेकऱ्यांत आणि कॉलेज रोडवरच्या काचेच्या दुकानांत, जिथे म्हणून बर्गरची पाटी दिसली तिथे मी गेलो.

काय सापडले ते थोडक्यात सांगतो, कारण विस्ताराने सांगण्यासारखे त्यात काही नाही. बहुतेक ठिकाणी टिक्की गोठवलेल्या पाकिटातून निघते, सगळीकडे एकाच चवीची असते आणि तिच्यावर मेयोनीज अशा सढळ हाताने ओततात, की आत बटाटा आहे की कोंबडी हे बिल पाहूनच कळावे. बर्गर मुळात स्वस्त, आटोपशीर आणि एका हाताने खाण्याचा पदार्थ. अमेरिकेतल्या विचिटा गावी १९२१ साली ‘व्हाइट कॅसल’ने दुकान थाटले, तेव्हा तिथला चिमुकला चौकोनी बर्गर पाच सेंटांना मिळत असे. आपल्याकडे १९९६ साली दिल्लीच्या वसंत विहारात ‘मॅकडोनाल्ड्स’चे पहिले दुकान उघडले, पुढे त्यांची आलू टिक्की घरोघरी ठाऊक झाली, आणि तीही निदान तोंडात मावत होती. आता मात्र बर्गर उंचीवर विकला जातो. दोन टिक्क्या, दोन चीज, वर कांद्याचे कडे आणि हा सगळा डोलारा कोसळू नये म्हणून मधोमध खुपसलेली बांबूची काडी. माणसाचा जबडा किती उघडतो याची चौकशी करण्याची गरज एकाही बल्लवाचार्याला वाटलेली नाही. त्यातही काही ठिकाणी बर्गरबरोबर काळे प्लॅस्टिकचे हातमोजे देतात. ते घालून जेवायला बसले की आपण खायला आलो आहोत की शवविच्छेदनाला, असा प्रश्न पडतो.

तर गेल्या रविवारी मी टिळकवाडीतल्या एका नव्या उपाहारगृहात गेलो. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले होते. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन, याचा आम्हा बेळगावकरांना अभिमान आहे आणि तो आम्ही पाहुण्यांना पहिल्या चहाबरोबरच ऐकवतो. अल्पाहाराच्या त्या उपासकाला पाट्यांवरचे ‘डबल लोडेड’ आणि ‘मॉन्स्टर’ वाचून काय वाटले असते, असा विचार करत मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो होतो. गर्दी फार होती. तेवढ्यात पांढरा सदरा, धोतर आणि डोक्यावर टोपी असे एक वयस्क गृहस्थ समोर उभे राहिले आणि म्हणाले, “पावणं, जरा सरका की. नातवाला क्लासला सोडलंय. तास सुटूस्तवर बसायला जागा बगाय लागलोय.”

मी सरकलो. ते बसले. त्यांनी काहीच मागवले नाही. पोऱ्याने आणलेले पाणी पिऊन त्यांनी मला स्वतःची माहिती दिली. ते निपाणीकडचे तंबाखूवाले शेतकरी होते. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात पुणे-बेंगळूर महामार्गावर आपण दिवसचे दिवस बसून काढले, हे त्यांनी सांगितले ते माझ्या चुळबुळीकडे पाहून. “तुमी एका पावासाठी घड्याळ बगाय लागलाय व्हय?” या प्रश्नाला द्यावे असे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

बर्गर आला. मी हात पुढे करणार, एवढ्यात त्यांनी “थांबा” म्हटले आणि माझ्या बर्गरचा वरचा पाव अंगठा आणि दोन बोटे यांच्या चिमटीत धरून दाबला. दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग बोटे नाकाशी नेली. हे सगळे इतक्या सराईतपणे झाले की हरकत घ्यायची असते, हे मला आठवेपर्यंत त्यांचा निकाल लागला होता.

“दमट हाय.”

“म्हणजे?”

“तंबाखूचं पान मुठीत दाबून सोडल्यावर कसं उलगडतंय त्याच्यावर सगळं असतंय बगा. उलगडलं तर ओल बराबर. चिकटून बसलं तर वखारीत बुरशी धरणार. ह्यो तुमचा पाव बसलाय. उठंना झालाय.”

त्यांनी पुन्हा दाबून दाखवला. पाव खरोखरच उठला नाही. त्यांच्या तीन बोटांचे ठसे मात्र त्यावर स्पष्ट उठले.

यानंतर त्यांनी काडी उपसून बाजूला ठेवली आणि बर्गर उघडला. माझा बर्गर, माझ्यादेखत, माझी परवानगी न घेता. खालच्या पावाची आतली बाजू पांढरीफेक होती. “भाजलाच न्हाई,” ते म्हणाले. टिक्की काट्याने मोडली तर मधोमध गारढोण. “बर्फातनं काढली आन् त्याल तापायच्या आदी सोडली. त्याल पिऊन बसलीया.” मग टोमॅटोची चकती उचलून तिचे पाणी बशीत निथळवले आणि अत्यंत कष्टी चेहऱ्याने माझ्याकडे पाहिले, जणू हे पीक मीच काढले होते.

संतापजनक भाग असा, की त्यांचे प्रत्येक विधान बरोबर होते. पावाची कापलेली बाजू लोणी लावून तव्यावर भाजली, तर तिथे कोरडा, खमंग थर तयार होतो आणि सॉसचे पाणी आत मुरायला वेळ लागतो. भाजण्याचा तो खमंगपणा ज्या रासायनिक क्रियेतून येतो, तिचे वर्णन मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केले. ओल्या पृष्ठभागावर ती नीट होत नाही, कारण पाणी आहे तोवर उष्णता त्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. हे सर्व मी वाचलेले होते. वाचलेले असूनही इतके दिवस मी ठिकठिकाणचे दमट पाव मुकाट्याने गिळत आलो होतो, आणि आयुष्यात बर्गर न खाल्लेले एक गृहस्थ तीन बोटांत तेच सिद्ध करून मोकळे झाले होते.

एव्हाना आजूबाजूची टेबले आमच्याकडे वळली होती. शेजारच्या बाईंनी आपला पाव हळूच दाबून पाहिला. पलीकडच्या कॉलेजच्या मुलांनीही दाबला. व्यवस्थापक तरुण लगबगीने आला आणि काय झाले म्हणून त्याने विचारले. मला नव्हे, त्यांना. त्यांनी सगळे पुन्हा सांगितले, वखारीसकट. तरुण खजील झाला. “सॉरी काका, दुसरा करून देतो की. एकदम ताजा,” असे म्हणून तो वळला, तर काका त्याच्यामागोमाग थेट भटारखान्याच्या दारापर्यंत गेले. “त्याल तापू दे… अजून… आता सोड” अशा सूचना मला बसल्या जागी ऐकू येत होत्या.

दहा मिनिटांनी तो बर्गर आला. पावाला कडेने तांबूस रंग चढला होता, काडी नव्हती, मेयोनीज बेताचे होते. पोऱ्याने तो काकांपुढे ठेवला. “माझा आहे,” असे म्हणण्यासाठी मी तोंड उघडले होते. पण भरल्या उपाहारगृहात एका वडीलधाऱ्या माणसाच्या पुढ्यातली बशी ओढून घेणे मला जमले नाही. काकांनी पाव दाबला, तो उठला, त्यांनी मान डोलावली आणि खायला सुरुवात केली. पहिल्या घासाला झालेला कुरकुर आवाज मी दोन हातांवरून ऐकला. मध्येच त्यांनी “घ्या की पावणं” म्हटले खरे, पण तोवर उरलेला भाग उष्टाच होता. मग उरलेले नातवासाठी बांधून घेऊन ते निघून गेले.

आता बिल. त्यात दमट बर्गर माझ्या नावावर होता. पाच टक्के जीएसटी होता. तो सरकारचा, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. परंतु खाली दहा टक्के सेवाशुल्क लावले होते. उपाहारगृहांनी हे शुल्क बिलात परस्पर लावू नये, ते द्यायचे की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवावे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितले आहे, हे मी त्या तरुणाला शांतपणे समजावून दिले. त्याने तितक्याच शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “पण सर, तुमचे काका किती खूश होऊन गेले की.”

ते माझे काका नाहीत, हे सिद्ध करण्यात आणखी दहा मिनिटे गेली. सेवाशुल्क अखेर त्याने काढले, पण चेहऱ्यावरून त्याला माझे म्हणणे पटलेले दिसले नाही. सख्ख्या काकांना नाकारणारा पुतण्या, अशीच माझी नोंद त्या उपाहारगृहात झाली असावी.

रात्री पुण्याहून माझ्या स्वतःच्या पुतण्याचा फोन आला. बेळगावात उत्तम बर्गर मिळतो, टिळकवाडीत मिळतो, असे मी त्याला ठणकावून सांगितले.

“चव कशी होती?” त्याने विचारले.

“आवाज फार चांगला होता,” मी म्हणालो.