‘अँटीव्हायरस बंद करा, गेम सेव्ह होईल’: हा सल्ला अर्धवट आहे

विंडोजवर गेम सेव्ह होत नाही म्हटलं की एक ठरलेला सल्ला मिळतो: अँटीव्हायरस बंद करा, गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, तरीही जमलं नाही तर काढून पुन्हा इन्स्टॉल करा. संशय बऱ्याचदा बरोबर असतो. उपाय मात्र तिन्ही चुकतात.

‘अँटीव्हायरस बंद करा.’ याने काम होतं, म्हणूनच हा सल्ला पसरतो. पण का होतं? विंडोज १० मध्ये २०१७ साली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ आलं. रॅन्समवेअरपासून (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामपासून) बचाव म्हणून ते डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांत अनोळखी प्रोग्रामला लिहू देत नाही. वाचायला आडकाठी नाही. त्यामुळे जुना सेव्ह उघडतो, नवा होत नाही. आणि कित्येक गेम सेव्ह ठेवतात ते नेमके डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’मध्ये. ही सोय मुळात बंद असते. कधीतरी चालू केली जाते आणि विसरली जाते. डिफेंडर या विंडोजच्याच अँटीव्हायरसचा सततचा पहारा, म्हणजे रिअल-टाइम प्रोटेक्शन, बंद केलं की तीही थांबते, पण विंडोज ते प्रोटेक्शन काही वेळाने आपणहून चालू करतं. मग पुन्हा तेच रडगाणं, आणि मधल्या काळात अख्खा कॉम्प्युटर उघडा.

त्यापेक्षा विंडोज सिक्युरिटीत ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये जा, ‘अलाऊ ॲन ॲप’ निवडा आणि नुकत्याच अडवलेल्या ॲपच्या यादीतून गेम उचला. यादीतूनच उचला, कारण हाताने शोधताना लोक लाँचरला, म्हणजे गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला, परवानगी देऊन बसतात. सेव्ह लिहिणारी एक्सई फाइल (खुद्द गेमचा प्रोग्राम) वेगळी असते. अनरियल इंजिन या सॉफ्टवेअरवर बनवलेल्या गेममध्ये ती बहुधा ‘बायनरीज’ फोल्डरात, आत ‘विन६४’मध्ये दडलेली असते.

‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.’ ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ॲडमिनलाही जुमानत नाही. उलट जुन्या गेमच्या बाबतीत नवाच घोळ होतो. प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू पाहणाऱ्या जुन्या ३२-बिट गेमचे सेव्ह विंडोज गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये वळवतं. ॲडमिन म्हणून चालवलं की हे वळवणं थांबतं, गेम मूळ जागी बघतो आणि सगळे सेव्ह उडाल्यासारखे वाटतात. ते असतात, फक्त ॲपडेटाच्या ‘लोकल’ फोल्डरात.

‘पुन्हा इन्स्टॉल करा.’ तासाभराचं डाउनलोड, परवानगी मात्र होती तिथेच.

क्लाउड सेव्हवरही (इंटरनेटवर ठेवलेल्या प्रतीवरही) विसंबू नका: फाइल आधी डिस्कवर लिहिली गेली, तरच ती वर जाते.

विंडोज सिक्युरिटीतल्या ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त, म्हणजे अडवलेल्या गोष्टींच्या नोंदीत, गेमचं नावच नसेल, तर डिफेंडरला सोडा. दुसरा अँटीव्हायरस असेल तर त्याचा लॉग पाहा, नाहीतर डिस्कवरची मोकळी जागा तपासा.