पाणी किती फूट?

‘पाणी किती?’ हा प्रश्न सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये, कृष्णेचं पाणी चढायला लागलं की विचारायचा असतो. आमच्या घरात तो बारा महिने तेरा काळ विचारला जातो, आणि उत्तरासाठी आयर्विन पुलावर जावं लागत नाही. फ्रिजच्या डोक्यावर बघितलं की कळतं. तिथं बेदाणा बसलेला असतो.

बेदाणा म्हणजे आमचा बोका. वय आठ महिने. आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. बेदाण्यालाही आईनं हेच कोष्टक लावून दिलंय. शेपटीचं नुसतं टोक हलतंय म्हणजे 35, पायऱ्या बुडाल्यात पण गावात काही नाही. शेपूट फ्रिजवर आपटायला लागली की 40. कान मागं चपटे झाले की 45, पोरंबाळं हलवायची. 2019 साली पाणी 57 फुटांवर गेलं होतं. बेदाण्यानं ती पातळी आजवर एकदाच गाठलीय, ते पुढं येईलच.

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. शेजारच्या बेदाण्याच्या गाळ्यामागं रिकाम्या खोक्यात हे महिना-दीड महिन्याचं पिल्लू सापडलं. अंगाचा रंगही तोच पिवळसर, म्हणून नाव बेदाणा. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली जीआय मानांकन मिळालं. आमच्या नगाला मिळेल असं वाटत नाही.

तेव्हा तो माझ्या शर्टाच्या खिशात मावायचा. खिशातून डोकं काढून खतावणी बघायचा, आकड्यावर पंजा ठेवायचा, आणि हमाल येऊन म्हणायचे, ‘दिवाणजी, नवा मुनीम ठेवला की ओ!’ घरी आलो की मी त्याच्यापुढं बोटं नाचवायचो. तो बोटांवर झेप घ्यायचा, चावायचा, मागच्या पायांनी लाथा झाडायचा. दुधाचे 26 दात, सुईसारखे, पण त्यात जोर नव्हता. आम्ही सगळे हसायचो. मी तर पाहुण्यांना बोलावून दाखवायचो.

तिथंच चुकलं.

सहा महिन्यांच्या आसपास दुधाचे दात गेले (एक आईला गोधडीत सापडला, तिनं तो कुंकवाच्या करंड्यात ठेवलाय) आणि 30 पक्के दात आले. खेळ तोच राहिला. आता मी घरात हात हलवला, म्हणजे नुसतं वर्तमानपत्राचं पान उलटलं, तरी सोफ्याखालून झेप येते. यार्डात माझे हात बघून तोलाईवाला हळूच म्हणाला, ‘दिवाणजी, घरात काय बिनसलंय का? वहिनी शांत वाटत्यात ओ तशा.’ जखमांवर हळद मात्र फुकट. 2018 सालचं मानांकन असलेली, अस्सल सांगलीची हळद मी बोका चावल्यावर लावतो.

जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांचा सगळा जन्म म्हशींत गेलेला. बेदाण्याला हातात धरून त्यांनी आधी मला तपासलं. ‘तुमचं बोट म्हंजे त्याच्या हिशेबात उंदीर. शिकवलं कुणी? तुम्हीच की! आता ते वयात आलंय. दीड-दोन वर्सांचं होईस्तोवर असंच चालायचं. काठीला दोरी बांधून खेळवा, दमलं की खायला घाला, झोपतंय बघा.’ जाता जाता दूधही बंद करायला सांगितलं. पिल्लूपण सरलं की बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही म्हणे. आईला ते अजून पटलेलं नाही. ‘मांजराला दूध पचत न्हाई? उद्या म्हणाल उंदीर बाधतो.’

नसबंदी सातव्या महिन्यात उरकली. 57 फूट ते त्या सकाळी, टोपलीत घालताना. त्यानंतर आठवडाभर तो माझ्याकडं असा बघायचा, जसा मालाच्या हिशेबाची पट्टी हातात पडल्यावर शेतकरी अडत्याकडं बघतो.

काठी-दोरीचा उपाय मात्र लागू पडला, फक्त वेळेचं गणित त्यानं ठरवलं. मांजराच्या अंगात वारं भरतं ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. संध्याकाळी आई दिवा लावते आणि बाहेरच्या खोलीत मी, पन्नाशीचा माणूस, काठीला कोंबडीचं पीस बांधून गोल गोल फिरतो. पहाटे पावणेपाचला परत तेच, नाहीतर पांघरुणाबाहेर आलेला अंगठा गेला. आरतीची वाटी दोनदा पडलीय. भडंग तर आम्ही गॅलरीचं दार लावून खातो. कुरकुर ऐकली की तो धावत येतो, आणि भडंगात लसूण असतो. लसूण-कांद्यानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. सांगलीत राहून चोरून भडंग खायची वेळ आमच्यावरच आली.

तरी मला त्याचं प्रेम पाहिजे होतं. खिशातलं, फुकटचं.

पुतणीनं मोबाइलवर वाचून दाखवलं की इंग्लंडात ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली तपासलंय, मांजराकडं बघून डोळे हळूहळू मिटायचे आणि हळूहळू उघडायचे. त्याला ती मैत्रीची खूण वाटते. सोपं होतं, रक्त निघणार नव्हतं. रविवारी सकाळी बेदाणा गॅलरीच्या कठड्यावर बसलेला बघून मी खुर्ची ओढली आणि सुरुवात केली. मिटले. उघडले. तो बघत होता. परत मिटले, जरा जास्त वेळ, चेहऱ्यावर थोडं हसू आणून. आणि काय सांगू, त्यानंही मिटले! डोळे भरून आले माझे. मी मान तिरकी करून परत मिटले, आणि उघडले तेव्हा बेदाणा उतरून गेला होता. कठड्यापलीकडं, समोरच्या गच्चीवर, सांडगे घालत बसलेल्या शेजारच्या वहिनी हात तसाच वर धरून माझ्याकडं बघत होत्या.

दुपारी त्या आमच्या हिला म्हणाल्या, ‘भाऊजींच्या डोळ्यांचं काहीतरी बघा. मिरजेला दाखवून आणा.’ भली बाई. सांगलीत कुणाचंही काहीही बिघडलं की मिरजेला दाखवतात, म्हणून मी सुटलो.

या सगळ्यात मला न उलगडलेली गोष्ट एकच होती. कधीकधी बेदाण्याची पातळी अगदी 12-15 फूट असायची, पाय पोटाखाली घेऊन बसलेला, आणि एकदम 45. मी काही केलेलं नसायचं, जागचा हललेलोही नसायचो. आईनं शोध लावला. कंपाउंडच्या भिंतीवरून एक काळा दांडगा बोका जातो. बेदाणा त्याला खिडकीतून बघतो, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, मग जवळ जे असेल त्याला चावतो. जवळ मी असतो. डॉक्टर म्हणाले, मांजरात हे असतंय. आई म्हणाली, ‘त्यात काय नवल? पाऊस कोयनेत, पूर सांगलीत.’

तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे. खिडकीत काळा दिसला की कोणीतरी ओरडतं, ‘विसर्ग सुरू!’ आणि सगळे पाय वर घेतात.

परवा संध्याकाळी दुकानातून आलो. सौदे जोरात होते, डोक्यापासून पायापर्यंत हळदीनं माखलेलो. एक चप्पल काढली आणि बघतो तर बेदाणा येतोय. शेपूट खांबासारखी ताठ, टोक जरासं वाकलेलं. त्यानं माझ्या पँटीवर गाल घासला, एकदा डावा, एकदा उजवा. मांजराच्या गालात वासाच्या ग्रंथी असतात. मी दिवसभर यार्डात फिरून परक्या वासाचा झालेलो, आणि पोत्यावर मार्का मारावा तसा तो मला परत आपल्या नावावर करून घेत होता. गुडघ्याखाली सगळीकडं. सावकाश. त्याचा गाल पिवळा झाला.

मी हललो नाही. एका हातात डबा, दुसऱ्यात दुधाची पिशवी, एका पायात चप्पल.

‘पाणी किती रे?’ आतून आई.

‘उतरलंय. चौदा-पंधरा.’

‘अहो, आत या की, दूध नासंल,’ ही म्हणाली.

नासू दे, मी मनात म्हटलं, आणि तेवढ्यात कंपाउंडवर धप्प असा आवाज झाला.