संकेश्वरी मिरची रश्श्यात ठेवा

"कुत्रं चावलं की जखमेत संकेश्वरी मिरचीची पूड दाबून भरा, वर चुना लावून घट्ट बांधा. दहा दिवस कुत्रं जगलं तर इंजेक्शन नको. पाळीव असेल तर प्रश्नच नाही. नाहीतर पोटात चौदा सुया!" बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज आता आईच्या फोनवर आलाय, आणि तिनं तो पुढे चार जणींना ढकललासुद्धा.

आधी मिरची. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो आणि तिथल्या मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो. पूड बोटानं दाबली की तीच लाळ आणखी आत जाते. चुन्यानं कातडी भाजते ती वेगळीच. शिवाय डॉक्टरला आधी तो लगदा काढावा लागतो, तेव्हा कुठे दातांचे व्रण दिसतात. करायचं ते साधं आहे: नळाच्या धारेखाली, साबण लावून, घड्याळ बघून पंधरा मिनिटं. विषाणूचं आवरण चरबीचं, ते साबणानं फुटतं. दोन तांबे ओतून 'धुतलं' म्हणू नका. मग पोव्हिडोन आयोडीन. पट्टी घट्ट नको. टाके शक्यतो नकोतच. घालावेच लागले तर सीरमनंतर (म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शननंतर), मोजके आणि सैल.

सीरमचं तर मेसेजात नावच नाही! दात लागून रक्त आलं की नुसती लस पुरत नाही, कारण तिचा असर यायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर सीरमच राखण करतं. घोड्याचं सीरम किलोमागे ४० युनिट, म्हणजे ५० किलोच्या माणसाला २०००. ते जखमेत आणि जखमेभोवती टोचायचं असतं. सगळं कुल्ल्यात देऊन उपयोग नाही.

दहा दिवसांचं अर्धं खरं आहे, मान्य. राष्ट्रीय रेबीज नियंत्रण कार्यक्रमाची २०१९ ची मार्गदर्शिकाही कुत्र्या-मांजरावर दहा दिवस नजर ठेवायला सांगते, पण लस त्याच दिवशी सुरू करून. कुत्रं ठणठणीत राहिलं तर पुढच्या डोसांचं डॉक्टर बघतील. माकडाला, मुंगसाला हा नियमच नाही. खानापूरच्या रानाकडच्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पाळीव म्हणून सूट नाही, लशीचं कार्ड असलं तरी.

आणि पोटातल्या सुया? मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस २००४ मध्येच बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ती दोन्ही दंडांत, कातडीतच, ०.१ मिलि: ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. शून्यावा दिवस पहिल्या सुईचा, चाव्याचा नव्हे. म्हणून चार दिवस उशीर झाला तरी 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नका.